कार्बोलिकची वडी

डॉक्टर दुभाष्यांनी टेबलावर चार कागद पत्त्यांसारखे मांडले आणि मला म्हणाले, "उकिडवे, बसा. हे बघा आणि मला सांगा, या चार गावांत सारखं काय आहे?"

करंजपूर बरो म्युनिसिपालटीचे ते हेल्थ ऑफिसर आणि मी त्यांच्या हाताखालचा सॅनिटरी इन्स्पेक्टर. साल सेहेचाळीस, फाल्गुन अर्धा सरलेला. करंजपूर म्हणजे शहराच्या नदीपलीकडचं उपनगर. पुढे चार नवे बंगले, मागे जुनी पेठ, टोपल्यांचे संडास आणि उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या विहिरी. विहिरींत पावडर टाकायची, संडासांवर फिनेल मारून घ्यायचं, हलवायांच्या कढया हुंगायच्या आणि साथीच्या रोगाचा माणूस सापडला की त्याचं नाव रजिस्टरात चढवायचं, ही माझी नोकरी.

कागदांवर चार गावं होती. आमचं करंजपूर, मग शेलवडी, कुसबे आणि पिंपळदरा. चारही ठिकाणी वर्षभरात विषमज्वराची साथ येऊन गेली होती. आमच्याकडे एकतीस माणसं पडली, त्यांतली सहा गेली. सहाही घरी मीच जाऊन आलो होतो.

"विहिरी वेगळ्या, दूधवाले वेगळे," डॉक्टर म्हणाले. "हलवाई वेगळे. एका गावाला नळ आहे, तरी तिथेही तेच. मी महिनाभर डोकं फोडतोय."

मी तारखा वाचल्या. सवयीने मनातल्या मनात त्यांच्या तिथी केल्या. करंजपूर, वैशाखाचा पहिला पंधरवडा. शेलवडी, भाद्रपद. कुसबे, मार्गशीर्ष. पिंपळदरा, पौष. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन आठवडे मागे गेलं की एक उत्सव लागत होता. रामनवमी, गोकुळाष्टमी, त्रिपुरी पौर्णिमा, दत्तजयंती.

या चारही उत्सवांना मी सायकल मारत गेलो होतो. कीर्तनाचं मला वेडच होतं. पेटीचा पहिला सूर लागला आणि बुवांनी चिपळ्या उचलल्या की दिवसभर नाकात बसलेला फिनेलचा वास कुठल्या कुठे जायचा.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

काही नाही, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"अच्युतबुवा," मी म्हणालो. "अच्युतबुवा मिरीकर. कीर्तनकार आहेत. चारही ठिकाणी काला त्यांच्या हातचा होता."

डॉक्टर कधी देवळात गेलेले नव्हते. त्यांना समजावून सांगावं लागलं, की उत्सवाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. बुवा मधेच थांबून हंडी फोडतात. लाह्या, दही, ओलं खोबरं, लोणचं, जे काही असेल ते परातीत स्वतःच्या हाताने कालवतात आणि समोर आलेल्या प्रत्येकाच्या तळहातावर एकेक घास ठेवतात.

"आणि तुम्ही तो चारही ठिकाणी खाल्लात?"

"खाल्ला."

"मग तुम्ही कसे हिंडताय?"

"मला लहानपणी येऊन गेलाय."

डॉक्टरांनी कागद गोळा केले. "नमुना आणा त्यांचा," म्हणाले. "शौचाचा."

बुवा शहरातल्या एका राममंदिरामागच्या खोलीत एकटेच राहत. वय साठीच्या पुढे, उंच, ताठ, कपाळावर बुक्का. मी झाकणाचा डबा घेऊन गेलो आणि अर्धा तास इकडचं तिकडचं बोलत बसलो. शेवटी डबा पुढे केला आणि जमिनीकडे बघत काय हवं ते सांगितलं.

बुवा माझ्याकडे बघतच राहिले. मग हसू लागले, इतके की त्यांना खोकला आला.

"वामन, चाळीस गावांतल्या लोकांनी माझ्याकडे काय काय मागितलं. कुणी भैरवी मागितली, कुणी आख्यान, कुणी आशीर्वाद. पण हे मागणारा तू पहिलाच भक्त."

"सरकारी काम आहे, बुवा."

"मग देऊ की. सरकारला मी आजवर दुसरं दिलंय तरी काय?"

डबा बांधून घेताना मी सहज विचारलं, "तुम्हाला कधी मोठा ताप आला होता का हो?"

"आला होता तर. तिसाव्या वर्षी. एकवीस दिवस. घरच्यांनी आशा सोडली होती. मी रामाला बोललो, उठव, जन्मभर तुझं गाईन. उठलो आणि उभा राहिलो कीर्तनाला. त्या तापानेच कीर्तनकार केलं म्हण की मला."

आठ दिवसांनी अहवाल आला. बुवांच्या पोटात ते जंतू होते. तिसाव्या वर्षी ताप गेला, पण जंतू राहिले. बुवांना त्यांचा त्रास नव्हता. बुवांच्या हातून ज्याच्या पोटात ते जातील त्याला होता. त्या तापावरचं औषध आपल्याकडे यायला अजून तीन-चार वर्षं होती.

डॉक्टर म्हणाले, "रामनवमी बारा दिवसांवर आलीय. मी नोटीस काढतो. देवळावर लावू, दवंडी पिटू. या माणसाला करंजपुरात पाय ठेवायला बंदी."

"साहेब, दवंडी पिटलीत तर ते मरतील."

"नाही पिटली तर दुसरे मरतील."

"ते काल्याला हात लावणार नाहीत, हे माझ्याकडे लागलं. कीर्तन करू द्या. नऊ दिवस मी त्यांना माझ्या घरी ठेवतो. हात माझ्यासमोर धुतील. भांडी मी स्वतः उकळत्या पाण्याने धुईन. संडासात चुना, फिनेल, सगळं मी बघतो. आवाजातून तर काही जात नाही ना?"

डॉक्टरांनी पेन्सिलीचं टोक टेबलावर दोनदा आपटलं. मग म्हणाले, "घरी बायकोला सांगा. स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात आहे, तुमच्या नाही."

"सांगतो," मी म्हणालो.

बुवांना सांगायला मात्र माझ्या जिवावर आलं. मी सांगत असताना ते भिंतीला टेकून ऐकत होते.

"करंजपुरात सहा म्हणालास. नावं सांग."

मी नावं सांगितली. प्रत्येक नावाला त्यांनी हात जोडले.

"पिंपळदऱ्याला किती?"

"अकरा."

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मधेच थांबून ती बोटं धोतरात लपवली.

"बंद करू का रे कीर्तन?"

"नको, बुवा. काला तेवढा सोडा. हात धुवा. बाकी गा."

"तू सांगशील तसं." ते म्हणाले. "पण वामन, एक मागणं मागतो. तुझ्या घरी राहायचं तर द्वारकेच्या हातचं जेवायचं. ती पोर माझ्यापुढे ताट ठेवते ते देवापुढे ठेवल्यासारखं. उद्या तिने माझ्या ताटाकडे किळसेने बघितलं, तर माझ्या गळ्यातून सूर फुटायचा नाही. तिला कळू देऊ नकोस."

मी त्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला.

द्वारका माझी बायको. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. त्यावरून कोणी बोललं तर ती हसण्यावारी न्यायची. "आमचे हे गावाची घाण काढतात, त्यातून वेळ मिळेल तेव्हा बघू," असं बायकांत म्हणायची. आदल्या रामनवमीला ती माहेरी होती, बुवांचा काला तिच्या वाट्याला आलाच नव्हता. म्हणून यंदा ते आपल्याच घरी उतरणार म्हटल्यावर तिने घर दोनदा सारवलं.

पाडव्याला बुवा आले. मागच्या दारी मी कोनाड्यात कार्बोलिक साबणाची लाल वडी ठेवली होती. संडासाहून आले की आणि जेवायच्या आधी मी तांब्याने पाणी घालायचं आणि त्यांनी हात धुवायचे.

"किती वेळा?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

"तीन. नखांत घालून."

"आयुष्यभर माती लावून हात धुतले रे," ते हळूच म्हणाले. "माती वाईट होती का?"

जेवण झालं की बुवांचं ताट मी उचलायचो. उरलंसुरलं खड्ड्यात पुरून त्यावर चुना टाकायचा आणि ताटावर आधणाचं पाणी ओतायचं. लग्न झाल्यापासून घरातलं भांडं मी घासलं नव्हतं. पहिल्या दिवशी द्वारका चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली.

"अहो, सूर्य कुठल्या बाजूला उगवलाय बघून येऊ का?"

"बुवांची सेवा आहे. नऊ दिवसांचा नेम केलाय मी."

"आणि मी?"

"तू रांधतेस की."

"रांधते मी रोजच, तुमच्यासाठीसुद्धा. त्याचं पुण्य लागत असतं तर एव्हाना विमान आलं असतं मला न्यायला." ती पदराला हात पुसत म्हणाली. "संतांचं ताट तुम्ही उचलायचं, हातावर पाणी तुम्ही घालायचं. सगळं पुण्य एकट्यानेच घ्या. शेजारणी हसतात मला. म्हणतात, तुझ्या हाताला काय झालंय?"

"हसू देत."

"कारण तरी सांगा."

मी आधण ओतलं. "कारण काय असायचंय," म्हणालो.

कीर्तनं मात्र अशी रंगली की मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. संध्याकाळी मारुतीच्या पारापर्यंत माणूस बसायचं. बुवा उभे राहिले की म्हातारे वाटत नसत. आवाजाला एक कातरपणा आला होता. लोक म्हणत, बुवा पिकले. का पिकले ते मला ठाऊक होतं.

दशमीला काला. सकाळपासून देवळात गर्दी. पुजाऱ्यांच्या हातावर कार्बोलिक घालून मीच त्यांना परातीशी बसवलं आणि लोक परातीत हात घालू नयेत म्हणून तिथेच उभा राहिलो. घरी बुवांना लवकर दहीभात वाढून पाठवून दे, असं द्वारकेला सांगून ठेवलं होतं. काल्याचं कीर्तन दोन-दोन तास चालतं, बुवांना उपाशीपोटी ते झेपत नसे. बुवांनाही सकाळी बजावलं होतं. "वडी कोनाड्यात आहे. आज पाणी तुम्हीच घ्या."

"तीन वेळा," ते म्हणाले. "नखांत घालून."

कीर्तन उभं राहिलं. बायकांच्या बाजूला द्वारका येऊन बसलेली मी पाहिली. बुवांनी गोपाळांचा प्रसंग लावला होता. शिदोऱ्या सोडल्यात, सगळ्यांचं एकत्र कालवलंय, आणि देव प्रत्येकाच्या हातातलं चाखून बघतोय. बुवा गात होते आणि मधेच गाणं सोडून बोलत होते. "उष्टं म्हणू नका हो. जिथे जीव लावलाय तिथे उष्टं कुठलं? आई लेकराचं खाते, देव गोपाळांचं खातो. ज्याला उष्ट्याचा विटाळ वाटला त्याला देव भेटला नाही."

बायका डोळे पुसत होत्या. द्वारका पुसत नव्हती. ती हसत होती, आपल्यालाच काहीतरी ठाऊक असल्यासारखी.

हंडी फुटली. लोकांनी बुवांकडे बघितलं. बुवांनी दोन्ही हात मागे बांधले.

"यंदापासून काला पुजारीबाबा देतील," ते म्हणाले. "कालवणारा मी कोण? माझं काम गायचं."

लोकांना तीही बुवांची थोरवीच वाटली. एकाने तर तिथेच लोटांगण घातलं. मी खांबाला टेकून उभा होतो. साधलं, असं मी मनाशी म्हटलं. माणसंही वाचली आणि कीर्तनही वाचलं.

संध्याकाळी बुवांना टांग्यात बसवून मी घरी आलो, मागच्या दारी हात धुवायला गेलो. कोनाड्यात कार्बोलिकची वडी होती. कोरडी ठणठणीत, सकाळी मी ठेवली तशीच. खाली मोरीत मातीचा ओघळ वाळलेला होता. बुवांनी घाईत सवयीप्रमाणे माती घेतली होती. मी क्षणभर वडी हातात धरून उभा राहिलो. मग म्हटलं, काल्याला तर त्यांनी हात लावला नाही. वडी ओली करून परत ठेवली.

"बुवांचं ताट?" मी आत विचारलं.

"घासून ठेवलं," द्वारका म्हणाली. "एक दिवस तरी मला मिळू दे की."

काल्यानंतरचा दुसरा आठवडा. नाही, तिसरा लागला होता. द्वारकेला जेवण जाईना. डोकं जड, अंगात कसकस. तिने शेजारच्या काकूंना सांगितलं आणि काकूंनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. दोन दिवस ती कपाळाला पट्टी बांधून काम करत होती आणि माझ्याकडे बघून उगीच हसत होती. तिसऱ्या दिवशी ताप चढला तो उतरेना. पाचव्या दिवशी मी स्वतःच नोंदवहीतली लक्षणं एकेक करून तिच्या अंगावर वाचली, आणि डॉक्टरांना बोलावून आणलं.

डॉक्टरांनी तपासलं, बाहेर ओट्यावर आले आणि मला म्हणाले, "घरी सांगितलं होतंत ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी पेटी उचलली आणि पायऱ्या उतरले.

त्या दुपारी ताप जरा खाली होता. मी तिच्या कपाळावरची पट्टी बदलत होतो.

"अहो, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांग."

"काल्याच्या दिवशी तुम्ही देवळात होतात ना, तेव्हा बुवांच्या ताटात दहीभात उरला होता. मी तो टाकला नाही. देवापुढे बसून खाल्ला. सगळा." ती कोरड्या ओठांनी हसली. "तुम्ही रोज एकटेच पुण्य घेत होतात. आणि नंतर बुवांनी कीर्तनात तेच सांगितलं की नाही? मला वाटलं, माझ्यासाठीच बोलतायत."

मी पट्टी पाण्यात बुडवली. पिळली. परत बुडवली.

"ताप जाईल," ती म्हणाली. "काकू म्हणतात, पहिल्या दिवसांत काहींना येतो. आठ वर्षांनी ऐकलंन् देवाने. बुवांचा प्रसाद आहे, वाया जायचा नाही. तुम्ही काहीतरी बोला की."

"झोप," मी म्हणालो.

"खूश नाही झालात?"

"झालो."

एवढंच बोललो मी. खरं सांगायला अजून पंधरा दिवस होते माझ्याकडे, आणि त्यांतल्या एकाही दिवशी मी ते सांगितलं नाही. बाविसाव्या दिवशी पोटात दुखायला लागलं, रक्त पडलं, आणि तेविसाव्याला सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली. शेवटी शुद्ध नव्हती. हात मात्र पोटावर ठेवलेला होता.

चौदाव्या दिवशी बुवा आले. टांग्यातून उतरून अंगणात आले आणि उंबऱ्यापाशी थांबले. कपाळाला बुक्का नव्हता.

"ये म्हणू नकोस अजून," ते म्हणाले. "आधी सांग. कसला ताप होता?"

मी दारात उभा होतो.

"काल्याच्या दिवशी मी वडीने हात धुतले नव्हते, वामन. देवळातून बोलावणं आलं, घाई झाली. वाटेत आठवलं. मग म्हटलं, काल्याला कुठे शिवायचंय. पण त्या पोरीने माझं ताट..." त्यांनी मान हलवली. "तू खरं सांग. मी इथूनच परत जाईन. पुन्हा चिपळ्यांना हात लावणार नाही."

माझ्यासमोर तो माणूस उभा होता. पांढरे झालेले ओठ, आणि ते दोन हात, कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे.

"हिवताप होता, बुवा," मी म्हणालो. "मस्तकात गेला. आत या."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मग ते आत आले नाहीत, घराला वळसा घालून मागच्या दारी गेले. मी तांब्या घेऊन पाठोपाठ गेलो. त्यांनी कोनाड्यातली वडी उचलली आणि हात धुतले. तीन वेळा झाले, तरी ते धूत राहिले. तांब्या रिकामा झाला तेव्हा मी दुसरा भरून आणला.

त्यानंतर बुवा अकरा वर्षं गायले. काल्याला कधी शिवले नाहीत, कुणाच्या घरी जेवले नाहीत. स्वतःचं ताट झोळीत घेऊन हिंडायचे आणि नदीवर जाऊन घासायचे. लोक म्हणायचे, वैराग्य. मी प्रत्येक रामनवमीला पहिल्या रांगेत बसायचो. पण भैरवीला लोक रडायचे तेव्हा मी त्यांची नखं बघत असायचो.

तेराव्यानंतर कामावर रुजू झालो त्या दिवसाचं एक राहिलं. डॉक्टरांनी विषमज्वराचं रजिस्टर माझ्या टेबलावर उघडून ठेवलं होतं. द्वारका वामन उकिडवे, वय सव्वीस, हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. पुढचा एक रकाना तेवढा माझ्यासाठी सोडला होता. 'संसर्ग कोठून आला.'

मी दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं, 'माहीत नाही.'